उन्हाळी सुट्टीतला पळण्याचा सराव: वेळ कुठून आणायचा?

दीडहजारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, १५०० आणि ५००० मीटर पळतो. परीक्षा परवा संपली. पुढचा सीझन सुरू व्हायला बारा आठवडे आहेत. निघताना सर म्हणाले, "पाया सुट्टीतच घालून ये. इथे आलास की स्पर्धा सुरू, मग पाया घालायला वेळ नाही." मला ते पूर्ण पटतं. अडचण पुढची आहे.

नावाला सुट्टी आहे, पण आठ आठवडे एका ठिकाणी प्रशिक्षणार्थी म्हणून काम करायचंय, नऊ ते सहा. साडेआठला घर सोडायचं, साडेसहाला परत. एक विषय राहिलाय, त्याचा रोज तासभर तरी अभ्यास हवा. आणि वर्षभर बाहेर राहून आल्यावर घरच्यांनाही मी थोडा हवा असतो.

गेल्या उन्हाळ्यात काय झालं ते सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल. पहाटे साडेचारला उठायचं ठरवलं होतं. अठरा दिवस उठलोही. पण रात्री झोपायला साडेबारा व्हायचे. वेळ थोडा, म्हणून मिळेल त्यात जोरात पळायचो. वाटायचं, अर्ध्या तासात तासाचं काम होतंय. तिसऱ्या आठवड्यात उजव्या नडगीची आतली बाजू दुखायला लागली, बोटाने दाबलं की एकाच जागी कळ. तरी आणखी चार दिवस पळालो. त्यानंतर सहा आठवडे पळणं बंद, आणि सीझनच्या पहिल्या दोन स्पर्धा कडेला उभं राहून पाहिल्या. रिलेत माझ्या जागी पळालेल्या मुलाला मी पाणी नेऊन देत होतो. तो चांगला पळाला, मला आनंदही झाला, पण त्या रात्री झोप लागली नाही.

या वेळी तसं व्हायला नको. ज्यांनी शिक्षण, काम आणि पळणं एकत्र सांभाळलंय त्यांनी कृपया सांगा, तुम्ही वेळ नेमका कुठून काढलात?

आठशेवाली

वाचतेय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त तुझ्या ऑफिसच्या जागी माझ्याकडे घर आहे. सविस्तर नंतर लिहिते.

पहाटपक्षी

पहाटे चार. दुसरा उपाय नाही. एकदा सवय लागली की गजराचीही गरज पडत नाही. मी नऊ वर्षं हेच करतोय.

संथवाट

पहाटपक्षी, तुम्ही झोपता किती वाजता? मुद्दाम विचारतोय, कारण या मुलाची अडचण उठण्यात नव्हती. अठरा दिवस तो उठला.

दीडहजारी, मी पूर्वी पळायचो, आता शाळा-कॉलेजच्या मुलांचा सराव घेतो. काही सांगण्याआधी मला हे कळायला हवं. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात आठवड्याला किती किलोमीटर होत होते? गेल्या उन्हाळ्यात तू ज्याला साधं पळणं म्हणत होतास त्याचा वेग काय होता? आणि रात्री साडेनऊ ते साडेबारा या वेळात तू काय करतोस? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं दे, इथे कुणी रागावणार नाही.

पहाटपक्षी

साडेआठ-नऊला झोपतो. खरंय, ते लिहायला हवं होतं.

दीडहजारी

आठवड्याला साधारण २५ किमी. १५०० ची सर्वोत्तम वेळ ४:१८. गेल्या उन्हाळ्यात रोज किलोमीटरला ४:०० ते ४:१० मिनिटं या वेगाने पळत होतो, शेवटचा किलोमीटर त्याहून जोरात.

रात्रीचं खरं सांगायचं तर नऊला जेवण, मग पुस्तक उघडतो. शेजारी फोन असतो. साडेदहापर्यंत चार-पाच पानं होतात. अभ्यास झाला नाही म्हणून झोपायला जायला मन धजत नाही, आणि झोप येत असल्यामुळे अभ्यासही होत नाही. तसेच साडेबारा वाजतात.

संथवाट

मनापासून लिहिलंस, त्यामुळे मलाही नेमकं सांगता येईल.

तुझा वेळ त्या तीन तासांत अडकलाय. गेल्या वर्षी तू त्यांना हात लावला नाहीस आणि पळण्याचा वेळ झोपेतून काढलास. साडेबारा ते साडेचार, म्हणजे चार तास. सरावाने पेशींची झीज होते, ती भरून निघते झोपेत. वाढीचं संप्रेरक सर्वांत जास्त गाढ झोपेतच स्रवतं. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेची २०१६ सालची शिफारस आहे. तू त्याच्या थोडा पुढे गेलायस, पण रोज पळणाऱ्याने आठ तास धरूनच चालावं. शाळकरी खेळाडूंवरचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट दिसली. तो अभ्यास लहान होता, ११२ मुलांचा, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ समजू नकोस. पण मैदानावर मी वर्षानुवर्षं पाहतो ते याहून वेगळं नाही.

म्हणून अभ्यास सकाळी हलव. रात्री साडेनऊला दिवा बंद, फोन दुसऱ्या खोलीत. साडेपाचला उठायचं, हे आठ तास झाले. पावणेसहाला बाहेर, साडेसहाला परत. अंघोळ, खाणं, आणि सव्वासात ते सव्वाआठ पुस्तक. रात्रीच्या तीन पेंगुळलेल्या तासांत होत नाही तेवढं त्या एका तासात होईल. घरी जेवण नऊला होत असेल तर ते अलीकडे आणता येईल का, हे घरच्यांशी बोल. उन्हाळाभरातली सगळ्यांत महत्त्वाची बोलणी तीच आहेत असं मी मानतो. जेवणाची वेळ हलली नाही तर बाकीचं काही हलत नाही.

पहिला आठवडा पळणं वाढवायचंच नाही. फक्त झोपेची वेळ बसवायची. आहे तेवढंच पळ, निम्मं झालं तरी चालेल.

आता वेगाबद्दल. तुझ्या ४:१८ ला रोजचं साधं पळणं ४:५० ते ५:२० च्या मध्ये कुठेतरी बसतं. शेजारी कुणी असेल तर त्याच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकटा असशील तर मोठ्याने दोन वाक्यं बोलून बघ, मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी कर. सावकाश पळण्यात वेळ वाया जातो असं तुला वाटतं ना? स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढणं, पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढणं, ही कामं त्या वेगातही होतात, आणि त्या वेगाने पळालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पळता येतं. तू पळत होतास तो वेग अधला-मधला. रोजच्यासाठी फार जोराचा, आणि जोराच्या दिवसासाठी अपुरा.

नडगीचं कारणही त्यातच आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. हाडाला महिने लागतात. नवा ताण पडला की हाड आधी स्वतःचा जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. या मधल्या काळात ते थोडं कच्चं असतं. दम टिकतोय म्हणून मुलं पळत राहतात, आणि नेमकं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड बोलतं.

रॉजर बॅनिस्टर तुला माहीत असतील. ६ मे १९५४ रोजी त्यांनी मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पळून दाखवला, चार मिनिटांच्या आत पहिल्यांदाच. तेव्हा ते लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जवळच्या मैदानावर जायचे, साधारण अर्ध्या तासाचा सराव करायचे आणि परत रुग्णालयात. शर्यतीच्या दिवशीसुद्धा सकाळी रुग्णालयात गेले होते आणि मग ऑक्सफर्डची गाडी पकडली. मला त्यात आवडते ती ठरलेली वेळ. रोज नव्याने "आज कधी जमेल" असा विचार त्यांना करावा लागत नव्हता.

हिरवीपायवाट

संथवाट, झोपेबद्दल आणि वेगाबद्दल शंभर टक्के सहमत. बॅनिस्टरबद्दल मात्र नाही.

अर्ध्या तासाच्या सरावाचं उदाहरण विद्यार्थ्यांना फार गोड वाटतं, आणि मग ते तेवढ्यावरच थांबतात. बॅनिस्टर त्या अर्ध्या तासात ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या मारायचे, मध्ये दोन-दोन मिनिटं थांबून. तो शर्यतीच्या तोंडावरचा, एका असामान्य माणसाचा सराव होता. उन्हाळ्यातलं काम पाया घालण्याचं आहे. त्यासाठी आर्थर लिडियार्डकडे बघावं. न्यूझीलंडचा हा प्रशिक्षक ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललासुद्धा मॅरेथॉनवाल्यांबरोबर डोंगरवाटांवर ३५ किलोमीटर पळायला न्यायचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि त्याच दिवशी मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. आठवड्याला १०० मैल, तेही महिनोन् महिने. दीडहजारीला ५००० पण पळायचंय. रोज ४५ मिनिटांत त्याचं कसं भागणार?

संथवाट

मुद्दा योग्य आहे. बॅनिस्टरचं उदाहरण मी ठरलेल्या वेळेसाठी दिलं, सरावाच्या मापासाठी नाही. ते स्पष्ट करायला हवं होतं.

पण लिडियार्डच्या पोरांनाही नोकऱ्या होत्या हे विसरू नका. स्वतः लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करायचा. आणि ते १०० मैल कित्येक वर्षं चढत चढत आलेले. २५ किलोमीटरवाल्या मुलाने त्यांच्याकडून आकडा घ्यायचा नाही, रविवार घ्यायचा. लांब पळणं सुट्टीच्या दिवशी, आणि ते आठवड्याच्या एकूण अंतराच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकं.

दीडहजारी, तुझ्यासाठी मी अंदाजे असं लिहीन: पहिला आठवडा २५, मग २८, ३२, चौथा पुन्हा २५. मग ३४, ३८, ४२ आणि आठवा ३२. शेवटचे चार ४४, ४८, ५० आणि ३८. तीन चढते, एक उतरता. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये असं सगळीकडे सांगतात. त्या दहाच्या आकड्यात जादू नाही, पण उडी मारू नये एवढा अर्थ घे. तुझ्या सरांना हा कागद दाखव. ते तुला रोज बघतात, मी नाही. त्यांनी काही बदललं तर त्यांचं ऐक.

चौथ्या आठवड्यानंतर आठवड्यातून दोनदा, सावकाश पळून झाल्यावर, शंभर मीटरच्या सहा स्ट्राइड्स. पूर्ण जोर नाही, मोकळी सुंदर धाव, मध्ये चालत परत यायचं. दहा मिनिटांत होतात. सातव्या आठवड्यापासून एक दिवस फार्टलेक. हा प्रकार १९३० च्या दशकात स्वीडनच्या गोस्टा होल्मेर यांनी रुजवला, शब्दाचा अर्थच वेगाशी खेळणं असा आहे. त्या झाडापर्यंत जोरात, पुढच्या वळणापर्यंत सावकाश. घड्याळ घरी ठेवलंस तरी चालेल.

आणि एक छोटा दिवस आधीच ठरवून ठेव. ज्या दिवशी काहीच जमणार नाही त्या दिवशी वीस मिनिटं, सरळ दहा मिनिटं जायचं आणि परत यायचं. ती वीस मिनिटं ठरलेली नसतील तर त्या दिवशी शून्य होतं. ताप असेल किंवा कुठे बोचरं दुखत असेल तर मात्र शून्यच बरोबर.

सांधेबांधे

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दीडहजारी, आधी तुझ्या नडगीबद्दल. लांबट पट्ट्यात पसरलेलं दुखणं आणि बोटाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर येणारी कळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी असेल तर हाडाला ताणाची दुखापत झाल्याचा संशय घ्यायचा, पळणं त्याच दिवशी थांबवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. तू चार दिवस जास्त पळालास, त्याचा दोष मी तुला देणार नाही, कारण हा फरक तुला कुणी सांगितला नव्हता. आता मात्र माहीत झालाय.

एवढा मोठा धागा झाला आणि उन्हाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शरीर उष्णतेला सरावतं, पण त्याला रोज थोडं थोडं करत १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या आठवड्यातच रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून जाणारं मीठ कमी होतं, आणि त्याच वेगाला नाडी आधीपेक्षा कमी राहते. या दोन आठवड्यांत वेग आणि अंतर दोन्ही कमी ठेवा. संथवाट यांनी पहिला आठवडा न वाढवण्याचा सांगितलाय, तो या कारणानेही योग्य आहे. मध्ये दोन-तीन आठवडे थंड जागी गेलात किंवा आजारी पडलात तर ही तयारी बरीचशी जाते. परत आल्यावर पुन्हा सावकाश सुरुवात.

सकाळ की संध्याकाळ? सूर्योदयाच्या आसपास हवा सर्वांत थंड असते. संध्याकाळी स्नायू जास्त मोकळे असतात, कारण शरीराचं स्वतःचं तापमान तेव्हा चढतं असतं, पण रस्ते आणि भिंती दिवसभराची उष्णता बाहेर टाकत असतात. पहाटे हवेत दमटपणा जास्त असू शकतो हेही लक्षात ठेवा. घाम नुसता गळून उपयोग नाही, तो वाळला तरच अंग थंड होतं. दमट हवेत तो वाळत नाही. म्हणून तापमान फार नसलं तरी जीव घाबरा होतो. अशा दिवशी घड्याळातला वेग बघूच नका, दम किती लागतोय त्यावर चाला. किलोमीटरमागे वीस-तीस सेकंद जास्त लागले तरी सराव तेवढाच झालेला असतो.

पाण्याचं माप काढायची सोपी पद्धत: पळायच्या आधी आणि नंतर अंग कोरडं करून वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. ते पुढच्या काही तासांत भरून काढा. उलट पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पीत आहात. तेही घातक आहे, रक्तातलं सोडियम उतरतं. भीतीपोटी बाटल्यांमागून बाटल्या पिऊ नका.

आता जे सर्वांनी वाचलंच पाहिजे. सोबतचा धावक अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, चिडचिड करू लागला किंवा कोसळला तर उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असू शकतं. "घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही" हा समज खोटा आहे. पळताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलं असू शकतं. मदत बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका, लगेच थंड करायला लागा. गळ्याच्या वर पाणी येणार नाही असं बघून, डोकं धरून थंड पाण्याच्या टबात बसवता आलं तर सर्वांत उत्तम. ते नसेल तर सावलीत नेऊन अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ. पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा असतो. एकटे पळत असाल तर कुठल्या रस्त्याने जाताय आणि किती वाजता परत याल हे घरी सांगून निघा.

पहाटपक्षी

सांधेबांधे, हा प्रतिसाद मी छापून आमच्या सगळ्या सोबत्यांना देतोय. नऊ वर्षांत मला वजनाची पद्धत माहीत नव्हती.

आठशेवाली

आता सविस्तर लिहिते.

मी ८०० मीटर पळते. सुट्टीत कुठे कामाला जात नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटतं हिला वेळच वेळ आहे. धाकटा भाऊ आठ वर्षांचा आहे, आई-बाबा दोघं नोकरी करतात. सकाळी बूट घालून दारात उभी राहिले की कुणीतरी हाक मारतं. पाच मिनिटांचं काम असतं. ते संपेपर्यंत ऊन चढतं. कुणी वाईट वागत नाही, रागावतही नाही. फक्त माझा तास हा कुणाचाच नसलेला तास आहे, ज्याला हवा त्याने उचलावा. भावाच्या शिकवणीची वेळ मात्र सगळ्यांना पाठ आहे.

मागच्या महिन्यात आईशी शांतपणे बोलले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत "६ ते ७ पळणं" असं पेनाने लिहिलं, शिकवणीच्या खाली. पेन्सिलीने नाही. आईने त्यावर काही म्हटलं नाही, पण त्या दिवसापासून सहा ते सातमध्ये हाक आलेली नाही. आठवड्यातून दोनदा भाऊ सायकल घेऊन सोबत येतो. तो बाजूने चालवतो, मी पळते, पाण्याची बाटली त्याच्याकडे. त्याच्याशी गप्पा मारता मारता पळावं लागतं, त्यामुळे वेग आपोआप बरोबर राहतो. संथवाट सर, तुमची बोलण्याची कसोटी माझ्याकडे अशी सायकलवर आहे.

एक विचारायचं होतं. गेले तीन महिने पाळी आलेली नाही. मैत्रिणी म्हणतात, सराव वाढला की असंच होतं, चांगलं लक्षण आहे. वजन थोडं कमी झालंय आणि ८०० ची वेळ सुरुवातीला सुधारली होती, आता अडकलीय.

सांधेबांधे

आठशेवाली, इथे विचारलंस हे फार चांगलं केलंस. ते चांगलं लक्षण नाही. पळणाऱ्या मुलींमध्ये पाळी थांबण्याचं एक मोठं कारण म्हणजे सराव वाढतो आणि खाणं तेवढंच राहतं. शरीराला दिवसभराच्या कामाला ऊर्जा पुरत नाही, मग ते एकेक गोष्ट बंद करत जातं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं आणि त्यात पुरुष खेळाडूंचाही समावेश केला. पाळी थांबते तेव्हा हाडांना आधार देणारं संप्रेरकही कमी होतं. दीडहजारीला झालं ते दुखणं तुला त्याच्याहून कमी सरावात होऊ शकतं. वेळ अडकण्याचं कारणही हेच असण्याची शक्यता आहे.

इतर कारणंही असतात, म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. रक्तातलं लोह आणि फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) तपासून घ्यायला सांग. आईला सोबत ने. तोपर्यंत जोराचा सराव नको, आणि पळून आल्यावर तासाभराच्या आत नीट खा, भूक असो वा नसो. मुलग्यांनीही हे वाचावं. सकाळी उपाशी पळून, घाईत तसंच कामावर जाणारे पुष्कळ आहेत. वेळेच्या टंचाईत पहिल्यांदा खाणंच कापलं जातं.

एकबाबा

मी स्वतः खेळाडू नाही. मुलगी पळते, पुढचं वर्ष तिच्या शिक्षणाचं महत्त्वाचं वर्ष आहे, म्हणून हा धागा वाचायला आलो होतो. उन्हाळ्यात पळणं बंद ठेवावं का, असं आपणा सर्वांना विचारणार होतो.

आठशेवाली यांचा प्रतिसाद वाचून मी काल सकाळी आमच्याच घरात लक्ष ठेवलं. मुलगी बूट घालत असताना तीनदा हाक गेली. त्यातल्या दोन माझ्या होत्या. एक चष्मा सापडत नव्हता म्हणून, दुसरी दाराशी कुणी आलं होतं म्हणून. आपला प्रश्न मी मागे घेतो. आज दार मी उघडलं.

संथवाट

एकबाबा, तुमच्यासारखं घरचं एक माणूस बाजूने असलं की सराव घेणाऱ्याचं निम्मं काम होतं. अभ्यासाबद्दलची तुमची काळजी अगदी रास्त आहे. माझ्याकडच्या मुलांचं मी असं करतो, की परीक्षेच्या दोन आठवडे आधी अंतर निम्म्यावर आणतो, पण दिवस मोडत नाही. वीस-पंचवीस मिनिटं पळून मूल पुस्तकापाशी येतं. पूर्ण बंद केलेली मुलं तो वेळ अभ्यासाला देतातच असं मला दिसलेलं नाही, आणि पुन्हा सुरू करताना घाईत दुखापत होते ती वेगळीच.

दीडहजारी

पाच आठवडे झाले, कळवायला आलोय.

जेवण साडेसातला आणता आलं. बाबांना सुरुवातीला जड गेलं, पण आता तेच पावणेआठला ताटं उचलतात. फोन आईच्या खोलीत. पहिले चार दिवस साडेनऊला पडून नुसता छताकडे बघत होतो, झोप अकराला लागायची. पाचव्या दिवशी लागली. पहिल्या आठवड्यात पळणं फक्त १८ किमी झालं आणि फार अस्वस्थ वाटलं. सरांना कागद दाखवला, त्यांनी एकच बदल केला, स्ट्राइड्स गवतावर.

५:१० ने पळणं हे मला सगळ्यांत कठीण गेलं. लोक मागून येऊन पुढे निघून जायचे. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी लक्षात आलं, तेवढ्याच दमात ४:५५ येतंय. मी काही वाढवलं नव्हतं.

छोटे दिवस आतापर्यंत सहा झाले. कामावर उशीर झाला, एकदा पाहुणे, दोनदा फार दमट हवा. शून्य एकच, पोट बिघडलं होतं तेव्हा. परवा सकाळचा तास धरून राहिलेल्या विषयाचा निम्मा अभ्यास झाला. नडगी रोज रात्री बोटाने दाबून बघतो. शांत आहे.

एक अडचण आहे. रविवारी घरचे सगळे सकाळी एकत्र बाहेर जायचं म्हणतात आणि लांब पळणं त्याच दिवशी असतं. शनिवारी कामाला अर्धा दिवस. काय करू?

हिरवीपायवाट

शनिवारी संध्याकाळी लांब, ऊन उतरल्यावर, शक्यतो सावलीच्या मातीच्या वाटेवर. एका जागेभोवती छोट्या फेऱ्या मार आणि पाणी तिथेच ठेव, म्हणजे सोबत न्यायला नको. रविवारी विश्रांती आणि घर. लांब पळण्याला वार नसतो. आणि हो, अर्ध्या तासावरचा माझा आक्षेप मी शिल्लक ठेवतो, पण तुझे पाच आठवडे बघून आनंद झाला.

आठशेवाली

डॉक्टरांकडे जाऊन आले. फेरिटिन बरंच कमी निघालं, औषध सुरू आहे, आणि खाण्याचं वेळापत्रक आईने कॅलेंडरवर माझ्या तासाच्या खाली लिहिलंय, पेनाने. जोराचा सराव डॉक्टर सांगेपर्यंत बंद. सध्या आठवड्यातून चार दिवस तीस मिनिटं, सावकाश. भाऊ म्हणतो, हळू पळतेस तर मला जास्त गोष्टी सांगता येतात.

दीडहजारी, शनिवारी तू किती वाजता निघतोयस? मीही माझी तीस मिनिटं तेव्हाच पळेन. आपापल्या गावात, पण एकाच वेळी.

दीडहजारी

शनिवारी सव्वासहा. ११ किमी. रस्ता घरी सांगून निघेन, सांधेबांधे ताई. परत आल्यावर इथे लिहितो.